मशीन चालवणाऱ्याला विचारलं का? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की मशीन बिघडणार असल्याची पहिली खबर मेंटेनन्सच्या ऑफिसात नसते, ती मशीनसमोर आठ तास उभं राहणाऱ्या माणसाकडे असते आणि आपल्याकडे त्यालाच सगळ्यात शेवटी विचारतात. त्यावर इतक्या मेल आणि पत्रं आली की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतोय. नावं आणि कंपन्या गाळल्यात, कुणाची नोकरी अडचणीत यायला नको.

प्रश्न: आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी टीपीएम (टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्स, म्हणजे मशीनची देखभाल ऑपरेटरसकट सगळ्यांनी मिळून करणं) सुरू केलं. प्रत्येक मशीनला २४ पॉइंटची डेली चेकशीट लावली. ऑपरेटर शिफ्ट सुरू झाली की दोन मिनिटांत सगळ्या टिका मारून मोकळे होतात. गेल्या महिन्यात एका व्हीएमसीची (संगणकावर चालणाऱ्या कटिंग मशीनची) लुब्रिकेशनची, म्हणजे वंगणाच्या तेलाची, टाकी कोरडी सापडली, शीटवर मात्र चार दिवस ‘ओके’ लिहिलेलं. ऑपरेटर लोकांना ओनरशिपच नाही. काय करावं?
– मेंटेनन्स इंजिनिअर, चाकण

उत्तर: ओनरशिप नाही हे मला इतक्यात पटत नाही. दोन मिनिटं म्हणजे १२० सेकंद आणि पॉइंट २४, म्हणजे एका पॉइंटला पाच सेकंद. आता तुम्ही स्वतः एकदा ती शीट घेऊन मशीनभोवती फिरा, मागचं दार उघडा, वाकून टाकीची पातळी बघा, घड्याळ लावा. माझ्या अंदाजाने वीस-पंचवीस मिनिटं जातील. मग प्रॉडक्शनच्या टार्गेटमधून ती वीस मिनिटं कुणी वजा केलीत का? केली नसतील तर तुम्ही त्या माणसाला खोटं लिहायलाच बसवलंय, आणि दोन वर्षं रोज खोटं लिहून त्याला त्याची सवय झालीय.

दुसरं काम करा. मागच्या तीन महिन्यांच्या शीट काढा आणि ‘नॉट ओके’ लिहिलेली ठिकाणं शोधा. त्यातल्या किती ठिकाणी पुढे काही झालं ते बघा. मी मेंटेनन्स हेड होतो तेव्हा हे एकदा केलं होतं, आणि अजून आठवलं की वाईट वाटतं. आमच्याकडे एक जुने ऑपरेटर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. मामांनी सलग अकरा दिवस ‘कुलंट पंपाला आवाज’ असं लिहिलं होतं आणि बाराव्या दिवसापासून सरळ ‘ओके’. मी विचारलं, मामा आवाज बंद झाला का? ते म्हणाले, नाही साहेब, लिहिणं बंद झालं. त्या शीटवर रोज खाली माझ्याच डिपार्टमेंटची सही होती.

आता टीपीएमबद्दल. ऑपरेटरने स्वतः करायच्या देखभालीला जपानी लोक जिशु होझेन म्हणतात आणि त्याच्या सात पायऱ्या आहेत. त्यात चेकशीट पहिल्या पायरीवर नाहीये हो! पहिली पायरी म्हणजे हाताने मशीन साफ करणं. दुसरी म्हणजे घाण येते कुठून ते शोधून बंद करणं आणि जिथे हात किंवा नजर पोचत नाही ती जागा सोपी करणं. तात्पुरती यादी येते ती तिसऱ्या पायरीला, आणि ती ऑपरेटरने आपली आपण बनवायची असते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मॅन्युअलमधून इंग्रजी यादी उचलतात, लॅमिनेट करतात आणि लटकवतात, म्हणजे जिना तिसऱ्या पायरीपासून चढायला घेतात.

पहिली पायरी आपल्याला नवीन नाही खरं तर. खंडेनवमीला प्रत्येक शॉपमध्ये मशीन धुऊनपुसून झेंडूची माळ घालतो ना आपण, आठवा त्या दिवशी काय काय सापडतं. कव्हरचे चार बोल्ट हवेत तिथे तीनच असतात, तेलाचा पाइप एका जागी घासून पातळ झालेला असतो, पंख्याची जाळी भुश्याने गच्च भरलेली असते. पुसताना हात फिरतो आणि हात फिरला की कळतं. एवढंच आहे ते, फक्त ते वर्षातून एकदा न होता ठरवून व्हायला हवं, आणि साफ करताना मेंटेनन्सवाला आणि इंजिनिअर दोघांनी ऑपरेटरबरोबर हाताला तेल लावून बसायला हवं. जे सापडेल तिथे टॅग बांधायचा, ऑपरेटर स्वतः करू शकतो त्याला पांढरा आणि मेंटेनन्सने करायचं त्याला लाल. लाल टॅग बांधल्यापासून किती दिवसांत निघाला हा तुमचा आकडा, ऑपरेटरचा नाही, आणि तो तुम्ही रोज बोर्डावर स्वतः लिहा. साफ करायला ब्रश आणि फडकं द्या, एअर गन नको, हवेच्या दाबाने बारीक चिप (धातूचा कीस) वायपरच्या, म्हणजे कचरा अडवणाऱ्या पट्टीच्या, आत स्लाइडवर जाऊन बसते आणि मग साफसफाईनेच मशीन खराब होतं.

आणि ती कोरडी टाकी. बहुतेक व्हीएमसीला लुब्रिकेशन लो लेव्हलचा अलार्म असतो. चार दिवस तो का वाजला नाही? फ्लोट (तेलाबरोबर वरखाली होणारा तरंगता भाग) अडकलाय की कुणी अलार्म बायपास केलाय, हे आधी बघा. टाकी मशीनच्या मागे गुडघ्याच्या खाली असेल तर तिची पातळी समोरून दिसेल अशी सोय करा. २४ पॉइंटचे सहा-सात करा, पण ते कुठले हे त्या मशीनच्या तिन्ही शिफ्टच्या ऑपरेटरनी ठरवू द्या, मराठीत, हिंदीत, जी भाषा तिथे चालते तिच्यात.

प्रश्न: मी प्रेसवर (दाब देऊन पार्ट बनवणाऱ्या मशीनवर) आहे, कॉन्ट्रॅक्टवर. फ्लायव्हीलचा (प्रेसच्या जड चाकाचा) आवाज बदललाय म्हणून सुपरवायझरना तीनदा सांगितलं. ते म्हणाले चालव रे, टार्गेट बघ. पाचव्या दिवशी बेअरिंग गेलं, दोन शिफ्ट प्रेस बंद. मग मलाच विचारलं, तू झोपला होतास का. पुढच्या वेळी सांगू की गप्प बसू?
– एक ऑपरेटर, वाळूज

उत्तर: भाऊ, सांगायचं. तुमचा राग अगदी खरा आहे आणि चूक तुमची नव्हतीच, तुमच्या कानाने पाच दिवस आधी सांगितलं होतं. पण सांगण्याची पद्धत अशी ठेवा की समोरच्याला हो-हो करून टाळता येणार नाही.

नुसतं ‘आवाज येतोय’ म्हटलं की सुपरवायझरला वाटतं प्रेस म्हटल्यावर आवाज येणारच. त्याऐवजी कुठून, कधी, कधीपासून आणि वाढतोय का हे चार सांगा. ‘फ्लायव्हीलच्या मोटरकडच्या बाजूने घरघर, स्ट्रोक मारत नसतानापण, सोमवारच्या सेकंड शिफ्टपासून, तासाभराने गरम झालं की वाढते.’ असं सांगितलं की कुठल्याही फिटरच्या डोळ्यासमोर बेअरिंग उभं राहतं. तोंडी सांगून झालं की शिफ्ट बदलताना हँडओव्हर बुकात वेळ टाकून तेच वाक्य लिहा आणि पुढच्या शिफ्टवाल्याला वाचून दाखवा, आणि जमलं तर मेंटेनन्सच्या फिटरला चहाच्या वेळेला गाठून थेट सांगा, त्याला यातलं जास्त कळतं. तारीख-वेळ लिहिलेली असली की झोपला होतास का हा प्रश्न तुम्हाला कुणी विचारत नाही.

हे वाचणाऱ्या सुपरवायझर मंडळींनाही सांगतो. बेअरिंग एकदम जात नाही. आधी अगदी बारीक कंप सुरू होतो जो इन्स्ट्रुमेंटलाच कळतो, मग आवाज, मग उष्णता, मग जाम. कानाला ऐकू आलं म्हणजे अर्धा रस्ता संपलाय, पण तरी बेअरिंग मागवून रविवारी बदलायला वेळ मिळू शकतो. तो वेळ तुम्हाला या मुलाने फुकट दिला होता. टोयोटाच्या लाइनवर कुठल्याही कामगाराला काही वेगळं दिसलं की दोरी ओढायची मुभा असते, आणि दोरी ओढली की पहिलं काय होतं तर टीम लीडर त्याच्याकडे मदतीला येतो. लाइन थांबते ती नंतर, ठरलेल्या जागेपर्यंत प्रॉब्लेम सुटला नाही तर. आपल्याकडे दोरीची नक्कल होते, धावत येणाऱ्या माणसाची होत नाही.

एक गोष्ट मात्र प्रेसवर सांगत बसायची नाही. स्ट्रोक आपोआप रिपीट झाला किंवा स्लाइड (प्रेसचा वरखाली होणारा भाग) थांबायच्या जागेच्या पुढे सरकायला लागली, म्हणजे क्लच-ब्रेकची गडबड, तर तिथल्या तिथे इमर्जन्सी दाबा, बाजूला व्हा आणि मग बोलवा. टार्गेट गेलं तर गेलं. हात पुन्हा येत नाही.

प्रश्न: ऑइलिंग-ग्रीसिंगला आमच्याकडे वेगळा माणूस होता. तो रिटायर झाला, जागा भरली नाही, आता मॅनेजमेंट म्हणतंय ऑपरेटरने करायचं, याला टीपीएम म्हणतात. ही फुकटात कामं वाढवायची युक्ती नाही का?
– युनियन प्रतिनिधी, अंबड, नाशिक

उत्तर: तुम्ही सांगताय तसंच घडलं असेल तर हो, ती युक्तीच आहे. टीपीएमचं फक्त नाव घेतलंय.

हे मुळात आलं कुठून ते सांगतो. निप्पॉनडेन्सो म्हणजे आजची डेन्सो, टोयोटा ग्रुपमधली गाड्यांचे इलेक्ट्रिकल पार्ट बनवणारी कंपनी. १९६० च्या दशकात तिथे ऑटोमेशन इतकं वाढलं की मेंटेनन्सची माणसं पुरेनात. तेव्हा ठरलं की रोजची साफसफाई, तेल, आवळणं, नजर ठेवणं हे ऑपरेटरने करायचं, आणि त्यातून मोकळ्या झालेल्या मेंटेनन्सवाल्यांनी मशीन मुळातून सुधारायचं. १९७१ मध्ये कंपनीला यासाठी जपानमध्ये बक्षीस मिळालं आणि सेइइची नाकाजिमा यांनी ही पद्धत पुढे जगभर नेली. म्हणजे अदलाबदल होती ती. एक काम खाली आलं तेव्हा दुसरं जास्त अवघड काम फिटरच्या हातात गेलं. तुमच्याकडे फिटरच्या हातात नवीन काय गेलं, एवढा एकच प्रश्न टेबलावर ठेवा. उत्तर ‘काही नाही’ असेल तर मग बोलणी करा.

नाही म्हणू नका असं मात्र मी मनापासून सांगेन. मागा. शिफ्टमध्ये त्यासाठी ठरलेला वेळ मागा, ट्रेनिंग मागा, ते शिकलेल्याला स्किल ग्रेड आणि करारात त्याचा पैसा मागा. कारण ग्रीसिंग हे कुणीही करायचं काम नाही. लिथियमच्या ग्रीसवर पॉलियुरियाचं ग्रीस मारलं तर दोन्ही मिळून पातळ होऊन वाहून जाऊ शकतं किंवा घट्ट होऊन बसतं. बेअरिंगमध्ये गच्च ग्रीस भरलं तर ते आतल्या आत घुसळून तापतं, आणि इलेक्ट्रिक मोटरचं असेल तर सील फोडून वाइंडिंगवर जातं. मी बघितलेल्या बेअरिंगमध्ये ग्रीस कमी पडून गेलेली जेवढी होती तेवढीच जास्त प्रेमाने गेलेली होती. किती पंप मारायचे, कुठलं ग्रीस, निपल (ग्रीस भरायचं तोंड) आधी पुसायचं का, हे ज्याला येतं तो कुशल कामगार आहे आणि त्याची किंमत मागण्यात काही गैर नाही.

प्रश्न: माझा मुलगा आयटीआय करून अप्रेंटिस लागलाय. कन्व्हेअरच्या रोलरला चिकटलेला माल चालू पट्ट्यावरच खरवडून काढायला सांगतात, थांबवलं तर प्रॉडक्शन जातं म्हणतात. ऑपरेटरनेच आपलं मशीन साफ ठेवायचं असं त्याला शिकवलंय. मला भीती वाटते.
– एक आई, सातारा

उत्तर: ताई, तुमची भीती बरोबर आहे आणि हे आजच्या आज थांबलं पाहिजे. पट्टा आणि रोलर जिथे भेटतात तिथे बाही, हातमोजा किंवा खरवडणी गेली की माणूस हात सोडवेपर्यंत खांदा आत गेलेला असतो. ऑपरेटरने मशीन साफ ठेवावं असं मी वर तीनदा लिहिलंय, पण ते बंद मशीन. बंद म्हणजे नुसतं स्टॉप बटण दाबलेलं नाही, मेन स्विच खाली, त्याला कुलूप, आणि किल्ली साफ करणाऱ्याच्या खिशात.

१९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्येच हे होतं, की चालू यंत्राजवळ तपासणी किंवा तेल-ग्रीस अगदीच गरजेचं असेल तर ते खास ट्रेनिंग घेतलेल्या, घट्ट कपडे घातलेल्या आणि ज्याचं नाव रजिस्टरमध्ये आहे अशा प्रौढ कामगारानेच करायचं. नवा अप्रेंटिस त्यात कुठेच बसत नाही. मुलाला सांगा, सुपरवायझरला एवढंच म्हण, ‘सर मी करतो, आयसोलेट करून द्या’, म्हणजे वीज तोडून कुलूप लावून द्या. हे उद्धट बोलणं नाही, आयटीआयमध्ये हेच शिकवतात. ऐकलं नाही तर सेफ्टी ऑफिसर, तेही नाही तर राज्याचं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे, तिथे तक्रार करता येते.

आणि त्या प्लांटमधलं कुणी वाचत असेल तर त्यांना, रोज माल चिकटतोय म्हणजे बहुधा स्क्रॅपर (पट्ट्यावरचा माल खरवडणारी पट्टी) झिजलाय किंवा लावलेलाच नाही. तो बसवा, म्हणजे पट्टा थांबवायचीही वेळ येणार नाही आणि पोराला हात घालायचीही.

प्रश्न: ऑपरेटरनी सूचना द्याव्यात म्हणून प्रत्येक सूचनेला ५० रुपये ठेवायचा विचार आहे. बरोबर वाटतं का?
– प्रॉडक्शन मॅनेजर, शिरोली, कोल्हापूर

उत्तर: मी असं केलं होतं, आणि महिन्याभरात पेटी भरून चिठ्ठ्या आल्या, त्यात निम्म्या ‘पंखा बसवा’, आणि मग कुणाची सूचना आधीची यावरून दोन शिफ्टमध्ये भांडण. बंद करावं लागलं. त्यापेक्षा आठवड्याच्या आत उत्तर द्या, नाही असलं तरी कारण सांगून द्या, आणि जी सूचना अमलात आणाल ती बसवताना त्याच माणसाला बरोबर घ्या. वर्षाच्या शेवटी सगळ्या लाइनला मिळून काही दिलंत तर उत्तम.

प्रश्न: आमचा प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स (पीएम, म्हणजे बिघडायच्या आधीच ठरल्या वेळी करायची देखभाल) शेड्यूलप्रमाणे शंभर टक्के होतो. तरी ब्रेकडाउन होतात आणि गंमत म्हणजे पीएम झाल्यावर दोन-तीन दिवसांतच जास्त होतात. कॅलेंडर एवढं पक्कं असताना ऑपरेटरची गरज कुठे येते?
– मेंटेनन्स प्लॅनर, पिथमपूर (इंदूरजवळ)

उत्तर: तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. १९७८ मध्ये अमेरिकेत युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप या दोघांनी विमानाच्या पार्टांच्या बिघाडांवर एक रिपोर्ट लिहिला. तोवर सगळ्यांची समजूत अशी की पार्ट जुना झाला की बिघडतो, म्हणून ठरावीक तासांनी बदलत राहायचं. त्यांना आढळलं की वयाप्रमाणे झीज होऊन बिघाड वाढतोय असे पार्ट जेमतेम ११ टक्के. आणि तब्बल ६८ टक्के असे की बसवल्या बसवल्या बिघडायची शक्यता सगळ्यात जास्त, नंतर कमी होऊन सपाट. विमान वेगळं आणि तुमची लाइन वेगळी, आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण पीएमनंतर दोन दिवसांत मशीन पडतंय ते याच जातीचं आहे. उघडलं की काहीतरी वाकडं बसतं, बोल्ट अर्धा आवळलेला राहतो, सेन्सरची वायर दबते.

म्हणून पीएम संपला की जॉब कार्डावर मेंटेनन्सची सही पुरेशी नाही. मशीन ऑपरेटरच्या ताब्यात द्या, त्याला अर्धा तास चालवू द्या, आणि त्याने ‘नेहमीसारखं आहे’ असं म्हटल्यावरच काम बंद करा. नेहमीसारखं म्हणजे काय हे फक्त त्याला माहीत आहे, ते कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही. आणि पीएमच्या आधी त्यालाच विचारा की यातलं काय उघडायची खरंच गरज आहे. बऱ्याचदा चांगलं चाललेलं आपण कॅलेंडरमध्ये लिहिलंय म्हणून उघडतो.

प्रश्न: माझं छोटं वर्कशॉप आहे, नऊ माणसं, तीन सीएनसी (संगणकावर चालणारी मशीन) आणि दोन जुने लेथ. सेन्सर बसवा, मोबाइलवर सगळं दिसेल असं सांगणारे सेल्समन येतात. परवडत नाही. माणसांच्या जोरावर काय करता येईल?
– वर्कशॉप मालक, भोसरी

उत्तर: भरपूर! नऊ माणसांच्या वर्कशॉपमध्ये मालक आणि ऑपरेटरच्या मध्ये कुणी साहेब नसतो, ही केवढी मोठी सोय आहे तुमची.

एक पिवळ्या रंगाचा पेंट मार्कर आणा. प्रत्येक महत्त्वाचा नट नीट आवळून झाला की नट, बोल्ट आणि बॉडीवरून सरळ एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली म्हणजे नट फिरलाय, पाना न लावता लांबून कळतं. प्रत्येक प्रेशर गेजच्या काचेवर हिरवी आणि लाल पट्टी चिकटवा म्हणजे आकडा वाचायची गरज नाही, काटा हिरव्यात आहे का एवढंच. तेलाच्या काचेवर वरची-खालची रेघ. बेल्टच्या पत्र्याच्या गार्डला जाळी लावा म्हणजे गार्ड न काढता बेल्ट दिसेल. याला फार तर हजार-दोन हजार रुपये लागतील आणि एक रविवार.

लांबून टेंपरेचर बघायची इन्फ्रारेड गन घ्यायची असेल तर इंडस्ट्रियल घ्या. कोविडमध्ये कपाळावर धरायचो ती चालणार नाही, तिची रेंज अंगाच्या तापापुरती असते. चकचकीत धातूवर गन चुकीचं आणि बहुतेक वेळा कमी टेंपरेचर दाखवते, म्हणून बेअरिंग हाउसिंगवर काळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा लावून ठेवा आणि रोज तिथेच धरा. नेमका आकडा महत्त्वाचा नाही, कालच्यापेक्षा आज किती हे महत्त्वाचं, आणि तो वहीत ऑपरेटरच्याच अक्षरात लिहिलेला असू दे. स्वतः लिहिलेला आकडा वाढताना दिसला की माणूस आपणहून बोलायला येतो, हे मी इतक्या वेळा बघितलंय.

आणि दर शनिवारी सुट्टी व्हायच्या आधी पंधरा मिनिटं सगळ्यांनी एकाच मशीनभोवती उभं राहायचं, पाच मशीन म्हणजे पाच आठवड्यांत एक फेरी. ज्याचं मशीन त्याने बोलायचं, तुम्ही शेवटी. मालक आधी बोलला की बाकीच्यांचं बोलणं तिथेच संपतं.

प्रश्न: मी साखर कारखान्यात मिल हाऊसला आहे. दर ऑफ सीझनला लाखोंचं ओव्हरहॉलिंग होतं आणि तरी हंगाम सुरू झाला की पहिल्या पंधरवड्यात त्याच त्याच जागी मिल थांबते. आम्ही फिटर लोक जीव तोडून काम करतो. चुकतं कुठे?
– मिल फिटर, सांगली जिल्हा

उत्तर: हे पत्र मी सगळ्यात जास्त वेळा वाचलं, कारण इथे मशीन थांबलं की नुसतं कारखान्याचं नुकसान होत नाही, गेटबाहेर ट्रॉल्यांची रांग लागते आणि तोडलेला ऊस उन्हात वाळतो, उतारा पडतो, शेवटी ते शेतकऱ्याच्या अंगावर येतं.

तुमच्या पत्रात एक गोष्ट नाहीये ती मी विचारतो. ओव्हरहॉलिंगची यादी कोण बनवतं आणि त्या वेळी मिलवरची हंगामी माणसं कुठे असतात? मार्च-एप्रिलमध्ये गाळप संपलं की ती घरी जातात. मिलचा ऑइलमन, केन कॅरिअरवरचा (ऊस मिलपर्यंत नेणाऱ्या पट्ट्यावरचा) माणूस, रेक कॅरिअरवर (एका मिलमधून दुसऱ्या मिलकडे चोयटी नेणाऱ्या साखळीवर) उभा राहणारा, हे सगळे हंगामी. पाच महिने रात्रंदिवस त्या रोलरच्या बाजूला ते होते. कुठल्या मिलचं गनमेटल (रोलरचं बेअरिंग) तापायचं आणि तिथे पाणी वाढवावं लागायचं, कुठल्या बाजूची ट्रॅश प्लेट (रोलरच्या मधली, उसाला पुढे नेणारी पट्टी) धडधडायची, कॅरिअरची कुठली साखळी रात्री थंडीत उडी मारायची, हे त्यांना पाठ असतं. आणि तुमची यादी बनते मे महिन्यात, ऑफिसात, गेल्या वर्षीच्या यादीवरून. ज्याला माहीत आहे तो गावाला आणि ज्याने उघडलंय त्याला माहीत नाही.

डेली रिपोर्टमध्ये स्टॉपेज लिहिलेलं असतं, पण कसं? ‘मेकॅनिकल, ४० मिनिटं’. बास. ‘नो केन’ (ऊस नाही) वेगळं, ‘इलेक्ट्रिकल’ वेगळं, आणि मेकॅनिकल म्हणजे सगळा मिल हाऊस एका शब्दात. त्यातून मे महिन्यात कुणाला काय कळणार. आणि दहा मिनिटांच्या आतलं थांबणं तर कुणी लिहीतच नाही, चोक झालं, काढलं, चालू. पण त्याच जागी दिवसातून सहा वेळा चोक होतंय हे फक्त तो चोक काढणारा सांगू शकतो.

टोयोटाची उत्पादन पद्धत घडवणारे ताइइची ओनो एक उदाहरण द्यायचे. मशीन बंद पडलं, का, तर फ्यूज उडाला. का, तर बेअरिंगला तेल नव्हतं. का, तर पंप नीट ओढत नव्हता. का, तर पंपाचा शाफ्ट झिजला होता. का, तर गाळणी नव्हती म्हणून आत कचरा गेला. फ्यूज बदलून काम संपवलं असतं तर मशीन पुन्हा पडलंच असतं. तुमच्याकडे दरवर्षी त्याच जागी थांबतंय म्हणजे दरवर्षी तुम्ही फ्यूजच बदलताय, कितीही जीव तोडून बदलत असलात तरी. गनमेटल नवीन बसवलं, पण ते तापलं का हे कुणाला विचारलं नाही.

यंदा असं करून बघा, चीफ इंजिनिअरना पटवून द्या. हंगाम संपायच्या शेवटच्या आठवड्यात, हंगामी माणसांचा हिशेब व्हायच्या आधी, प्रत्येक मिलपाशी अर्धा तास उभं राहा. ऑफिसात बोलवू नका, तिथे कुणी बोलत नाही, चालू मिलच्या बाजूला, आवाजात, बोट दाखवून. तिन्ही पाळ्यांची माणसं वेगवेगळी विचारा, रात्रपाळीवाल्यांना नक्की विचारा, कारण रात्री साहेब नसतात आणि जुगाड तेव्हाच होतात. ते दाखवतील ती प्रत्येक जागा खडूने नाही, ऑइल पेंटने खूण करा, ऑफ सीझनमध्ये धुतलं तरी राहील अशी. आणि कागदावर सांगणाऱ्याचं नाव, गाव आणि फोन नंबर लिहून ठेवा, म्हणजे जूनमध्ये मिल उघडल्यावर काही अडलं तर त्याला फोन करता येईल. कारखाना ऑफ सीझनला रिटेन्शन (काम नसतानाचा भत्ता) देतोच ना त्यांना, मग एक फोन केला तर ते आनंदाने सांगतील, उलट त्यांना बरं वाटेल.

मग दसऱ्याच्या सुमारास बॉयलर पेटला की ट्रायलच्या दिवशी त्यातल्या दोघा-तिघांना दोन दिवस आधी बोलावून घ्या. पहिली मोळी पडायच्या आधी मिल रिकामी फिरते तेव्हा त्यांना तिच्या बाजूला उभं करा आणि बाकी सगळ्यांनी जरा गप्प राहा. त्यांनी मान हलवली तर मोळी टाका, आणि एकाने जरी कपाळाला आठी घातली तर त्या खुणेपाशी जाऊन पुन्हा उघडून बघा. पुढच्या वर्षी मला लिहा काय झालं ते, मी वाट बघतोय.